घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक्सचं टेबल: चार-पाच हजारांत, पण बरोबर क्रमाने

बहुतेकांची खरेदी उलटी होते. आधी ऑनलाईन कुठलंतरी 'सगळं एकात' असलं सोल्डरिंग किट, मग सदतीस सेन्सरचा डबा, मग बारका स्क्रीनवाला ऑसिलोस्कोप (सिग्नलची लाट दाखवणारं यंत्र), आणि हे सगळं घरी येऊन पडलं की लक्षात येतं की टेबलाजवळ धड थ्री-पिन सॉकेट नाही, मीटर दोनशे रुपयांचा आहे आणि पाच व्होल्ट द्यायला मोबाईलचा चार्जर कापायची वेळ आलीय. पैसे तेवढेच जातात, काम मात्र सुरू होत नाही.

क्रम एवढाच लक्षात ठेवा: आधी मोजायची सोय, मग वीज, मग सोल्डरिंग, आणि पार्ट सगळ्यात शेवटी. खाली त्याच क्रमाने लिहिलंय. किमती साधारण आहेत, दुकानागणिक शंभर-दोनशे इकडेतिकडे होणारच. सोलापुरात नवी पेठेत आणि मोबाईल-टीव्ही रिपेअरिंगवाल्यांकडे चौकशी केली तर आयर्न, वायर, मीटर एवढं मिळून जातं, मॉड्यूल (तयार छोटे बोर्ड) आणि आयसी (चिप) मात्र ऑनलाईन मागवा नाहीतर पुण्याला कोणी चाललं असेल तर तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराची, तापकीर गल्लीची, यादी हातात द्या. ऑनलाईनला कुरिअरचा खर्च वस्तूपेक्षा जास्त पडतो, त्यामुळे ऑर्डर एकदाच आणि यादी करूनच.

१. जागा आणि टेबल

चार फूट बाय दोन फूट जागा पुरे. नवीन टेबल घेऊ नका, जुना फ्लश डोअर किंवा १८-१९ मिलीची प्लाय दोन घोड्यांवर टाकली तरी चालतं, फक्त हलता कामा नये, कारण हलणाऱ्या टेबलावर सोल्डरिंग म्हणजे हात भाजून घेणं. वरून पांढरा किंवा एकदम फिकट सनमायका लावा, डिझाईनवाला नको, पडलेला बारका रेझिस्टर त्यात हरवतो. आयर्नच्या कामापुरता दोनशे-चारशेचा सिलिकॉनचा मॅट टाकला की सनमायका वाचतो.

टेबलावर चादर अंथरायची सवय आपल्याकडे फार, सोलापुरातच आहोत म्हटल्यावर घरात जुनी चादर असतेच. नको. पार्ट धाग्यांत अडकतात, आयर्न टेकलं की भोक पडतं, कधी धुमसायला पण लागते. पूर्व भागात घराला लागून लूम असेल तर सुताचे बारीक तंतू सगळीकडे बसतात, तेव्हा आयर्न चालू करायच्या आधी टेबल ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं, हे रोजचंच काम समजा.

आता पंखा. एप्रिल-मेमध्ये पंख्याशिवाय बसणं शक्य नाही हे मान्य, पण पंख्याचं वारं सरळ टेबलावर आलं तर आयर्नचं टोक आणि जॉइंट दोन्ही गार पडतात आणि मग माणूस म्हणतो आयर्नच खराब आहे. टेबल पंख्याच्या बरोबर खाली ठेवू नका, भिंतीकडे सरकवा. टेबल फॅन असेल तर पाठीमागे ठेवा, वारं तुमच्या अंगाला लागेल, टेबलाला नाही. कूलर शेजारी अजिबात नको, ओलावा आणि २३० व्होल्ट यांची संगत बरी नव्हे.

उजेड डाव्या बाजूने पाहिजे (डावखुरे असाल तर उजव्या). एलईडी ट्यूब किंवा वाकणारा टेबल लॅम्प, काहीही चालेल.

२. मीटर: इथे कंजूषी करू नका

सगळ्या यादीत पैसे वाचवायचे नसतील अशी एकच वस्तू म्हणजे मल्टीमीटर. दोनशे-अडीचशेला तो पिवळा ८३० वाला मीटर मिळतो, पाच-बारा व्होल्टच्या कामाला तो वाईट नाही, पण त्याच्या लीड (मोजायच्या वायरी) पातळ, आतलं संरक्षण नावालाच, आणि १० अँपच्या सॉकेटला बऱ्याचदा फ्यूजच नसतो. भिंतीच्या सॉकेटमध्ये घालायला तो नको. आठशे ते बाराशेपर्यंत ऑटो-रेंज मीटर घ्या, ज्याला कंटिन्यूइटीचा (दोन टोकं आतून जोडलेली आहेत का ते सांगणारा) बीप आहे, कपॅसिटर मोजता येतो आणि दोन्ही करंट सॉकेटला फ्यूज आहे. घेताना दुकानातच लीड एकमेकीला लावून बघा, बीप लगेच यायला पाहिजे, अर्ध्या सेकंदाने येणारा मीटर पुढे डोकं खातो.

सगळ्यात कॉमन चूक: करंट मोजायला लाल लीड १० अँपच्या सॉकेटात घातली, मोजून झालं, लीड तिथेच राहिली आणि नंतर त्याच लीडने व्होल्टेज मोजायला गेले. करंटच्या सॉकेटात मीटर म्हणजे जवळजवळ नुसती वायरच, म्हणजे तुम्ही सरळ शॉर्ट केलं. बॅटरीवर केलं तर ठिणगीवर भागतं, भिंतीच्या सॉकेटवर केलं तर मीटर हातात फुटू शकतो. सवय लावा: करंट मोजून झाला की लाल लीड परत व्होल्टच्या सॉकेटात, मगच मीटर खाली ठेवायचा.

तपासा: रेझिस्टन्सवर लीड जुळवा, ०.२ ते ०.५ ओहम येईल, तो लीडचाच असतो. नवीन ९ व्होल्टची बॅटरी मोजा, नऊच्या थोडी वरच दाखवायला पाहिजे. मीटरची स्वतःची बॅटरी उतरली की स्वस्त मीटर रीडिंग वाढवून दाखवतात, सगळंच जास्त यायला लागलं की आधी सेल बदला, सर्किटला दोष देऊ नका.

३. बोर्ड आणि अर्थिंग

टेबलावर लोळणारा एक्स्टेंशन बोर्ड नको. भिंतीवर, टेबलाच्या वर हातभर उंचीवर बोर्ड बसवा: चार ५-६ अँपचे थ्री-पिन सॉकेट, प्रत्येकाला वेगळा स्विच, आणि सगळ्यांच्या आधी एक ६ अँपचा एमसीबी (शॉर्ट झालं की आपोआप पडणारा स्विच). ज्या हातात आयर्न धरता त्याच्या विरुद्ध हाताला हा एमसीबी पाहिजे. काही जळालं तर आयर्न टाकून बटण शोधत बसायला वेळ नसतो, दुसऱ्या हाताने खट्कन पडलं पाहिजे. हे काम वायरमनकडून करून घ्या, सामान-मजुरी धरून सातशे-आठशे जातील. घरच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर त्याच्याशी तेही बोलून घ्या. या बजेटमध्ये ती बसत नाही, पण जीव वाचवणारी वस्तू तीच आहे, एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही.

आता अर्थिंग मोजा. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थ, उजवं फेज, डावं न्यूट्रल. मीटर एसी व्होल्टवर, बोटं लीडच्या कडीच्या मागे, पायात चप्पल.

फेज आणि न्यूट्रल: २३०च्या आसपास.
फेज आणि अर्थ: जवळजवळ तेवढंच.
न्यूट्रल आणि अर्थ: एक-दोन व्होल्ट. पाच-दहाच्या वर गेलं तर वायरमनला बोलवा.

फेज-अर्थ मध्ये शंभर-सव्वाशे असलं अर्धवट काहीतरी दिसलं तर अर्थची वायर बहुतेक मागे कुठेच जोडलेली नाही, सॉकेटात पितळ आहे पण पाठीमागे काही नाही, जुन्या घरांत हे सर्रास सापडतं. फेज डाव्या बाजूला निघाली तर तेही आधी सुधारून घ्या.

सावधान: मीटरवर २३० आले म्हणजे अर्थिंग दणकट आहे असं नाही. मीटर इतका कमी करंट घेतो की एखादा गंजका तारेचा धागा शिल्लक असला तरी तो २३० दाखवेल. वायरमन लोड लावून तपासतो ती गोष्ट वेगळी. दुसरं म्हणजे आपल्याकडचा उन्हाळा, जमीन पार सुकली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स वाढतो, त्यामुळे खड्ड्यात पाणी घालत राहायचं. अपार्टमेंटमध्ये हे कोणी करत नाही, वॉचमनला सांगून ठेवा.

न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटच्या मागे वायरीने जोडून 'अर्थिंग करून देतो' म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. मागे न्यूट्रल तुटला की तुमच्या वस्तूची सगळी बॉडी लाईव्ह होते.

४. सप्लाय

रेडिमेड ३० व्होल्ट ५ अँपचा बेंच सप्लाय मस्तच, पण सगळं बजेट तोच खाईल. त्याऐवजी घरात पडलेला १२ व्होल्ट २ अँपचा अडॅप्टर (सेट-टॉप बॉक्सचा, राउटरचा) किंवा जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर घ्या आणि त्याच्यापुढे बक कन्व्हर्टरचं (व्होल्टेज उतरवणारं) मॉड्यूल लावा. एलएम२५९६ वालं शंभरच्या आतबाहेर मिळतं, पण त्याला करंट लिमिट नसते. एक्सएल४०१५ वालं, ज्यावर दोन निळे प्रीसेट (स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचे) असतात, ते थोडं महाग आहे पण तेच घ्या, कारण एक प्रीसेट व्होल्टेजचा आणि दुसरा करंटचा. नवशिक्याला ऑसिलोस्कोपपेक्षा करंट लिमिटची गरज शंभर पटीने जास्त, उलटा लावलेला आयसी त्यामुळे बऱ्याचदा वाचतो.

बसवायचा क्रम चुकवू नका:

आधी अडॅप्टरच्या पिनवर मीटरने प्लस-मायनस बघा. बहुतेकांत मधली पिन प्लस असते, पण सगळ्यांत नाही, आणि ही मॉड्यूल उलट्या पोलॅरिटीला एका क्षणात जातात. मग अडॅप्टर मॉड्यूलच्या इनपुटला जोडा, आउटपुटला काहीही जोडू नका, फक्त मीटर. व्होल्टेजचा प्रीसेट फिरवा. हा बरेच आटे फिरणारा असतो, त्यामुळे सुरुवातीला दहा-बारा वेळा फिरवूनही आकडा हलला नाही तर मॉड्यूल खराब आहे म्हणून फेकू नका, उलट्या बाजूला फिरवत राहा, एका ठिकाणी आकडा पळायला लागतो. ५.० वर आणा.

नंतर करंट लिमिट: करंटचा प्रीसेट आधी कमीकडे आणा, मीटरची लाल लीड १० अँपच्या सॉकेटात, मीटर डीसी अँपवर, आणि लीड सरळ आउटपुटच्या प्लस-मायनसला. हो, मुद्दाम शॉर्ट. लिमिट असल्यामुळेच हे चालतं, एलएम२५९६ च्या साध्या मॉड्यूलवर करू नका. प्रीसेट फिरवून ०.२ अँपच्या आसपास ठेवा. झालं की लाल लीड परत व्होल्टच्या सॉकेटात (वरचं आठवतंय ना).

लॅपटॉपचा अडॅप्टर वापरत असाल तर मॉड्यूल प्लॅस्टिकच्या डब्यात घाला आणि आउटपुटला लाल-काळे टर्मिनल लावा. डब्याला भोकं पाडा, हीटसिंक तापते. मॉड्यूलवर ५ अँप लिहिलेलं असतं, गारव्याची सोय न करता तीनच्या पुढे जाऊ नका, आपल्याकडे खोलीच ४० डिग्री असते दुपारी.

कॉम्प्युटरचा जुना एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) सप्लाय म्हणून वापरा असा सल्ला खूप मिळतो. फुकट आहे हे खरं, पण तो १२ व्होल्टला दहा-पंधरा अँप आरामात देतो, म्हणजे शॉर्ट झालं की सप्लाय बंद व्हायच्या आधी तुमची वायर लाल होईल. सुरुवातीला नकोच.

५. आयर्न, वायर, फ्लक्स

साधं २५ वॅटचं आयर्न तीनशे-चारशेला मिळतं, सोलड्रॉनचं घेतलं तरी त्याच आसपास. चालतं. पण व्होल्टेज खाली-वर होणाऱ्या भागात राहत असाल तर एक हिशेब बघा: साध्या आयर्नची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० ला २५ वॅट असलेलं आयर्न १९० व्होल्टला साधारण १७ वॅटचं होतं आणि २५० ला साडेएकोणतीसचं. म्हणजे संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की जॉइंट वितळत नाही आणि रात्री अकराला तेच आयर्न पीसीबीचा (सर्किटच्या छापील बोर्डाचा) तांब्याचा पट्टा उचलून काढतं, दोन्ही वेळा माणूस स्वतःच्या हाताला दोष देतो. म्हणून जमलं तर हजार-बाराशेपर्यंत टेम्परेचर कंट्रोलवालं घ्या, ३२० ते ३५० डिग्रीवर ठेवलं की विसरून जा. साधं घेतलंत तर बसण्याआधी मीटरने सॉकेटचं व्होल्टेज बघायची सवय ठेवा.

टोक सुईसारखं नको. नवीन माणसाला वाटतं बारीक काम, बारीक टोक. सुईच्या टोकातून उष्णता उतरतच नाही. पटाशीसारखं चपटं, दीड-दोन मिलीचं टोक घ्या.

सोल्डर वायर ६०/४० किंवा ६३/३७, २२ गेज, आत फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावी म्हणून असलेला पदार्थ) असलेली, ५० ग्रॅमचा रोल पुष्कळ दिवस जातो. ६३/३७ ही १८३ डिग्रीला एकदम वितळते आणि एकदम घट्ट होते, मध्ये लगदा होत नाही, म्हणून शिकायला सोपी. सुट्टी, लेबल नसलेली वायर घेऊ नका, त्यात कथिल कमी आणि शिसं जास्त निघतं आणि जॉइंट मळकटच राहतो.

दुकानदार पेस्टची डबी देईल. नळकामाची, पत्र्याच्या कामाची ॲसिडवाली पेस्ट असेल तर परत करा, ती महिन्या-दोन महिन्यांत तांब्याचे पट्टे हिरवे करून खाऊन टाकते. राळेचं फ्लक्स मागा. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली.

पहिल्यांदा तापवताना टोक वायरने मढवायचं: आयर्न चालू केलं की लगेच सोल्डर टोकाला लावून धरा, वितळायला लागली की सगळ्या बाजूंनी फिरवा. हे न करता आयर्न अर्धा तास तसंच तापत ठेवलं तर टोक काळं पडतं आणि मग सोल्डर त्याला चिकटतच नाही. काळं पडलं म्हणून कानस किंवा पॉलिश पेपर मारू नका. आजकालच्या टोकांवर लोखंडाचा पातळ थर असतो, तो गेला की आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळत जातं. (जुन्या पद्धतीचं नुसत्या तांब्याचं टोक असेल तर कानस चालते, रिपेअरिंगवाले काका घासताना दिसतात ते म्हणून.) साफ करायला पितळी घासणी, नाहीतर ओलसर स्पंज, पाणी पिळून काढलेला.

जॉइंट देताना आधी टोक पॅडला आणि पार्टच्या पायाला दोघांना एकदम टेकवायचं, एक सेकंद थांबायचं, मग सोल्डर जॉइंटला लावायची, टोकाला नाही. सोल्डर पसरली की आधी वायर काढायची, मग आयर्न. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. गार होईपर्यंत पार्ट हलवायचा नाही. गोळा झालेला जॉइंट दिसायला भरीव असतो पण खाली चिकटलेला नसतो, चांगला जॉइंट पायाकडे निमुळता चढलेला दिसतो.

तपासा: आयर्न थ्री-पिनचं असेल तर प्लग सॉकेटातून काढून, गार असताना, टोक आणि प्लगची मोठी पिन यांच्यात रेझिस्टन्स मोजा. दोन-चार ओहमच्या आत पाहिजे. शेकड्यात गेला तर टोक अर्थ झालेलं नाही, मॉसफेट आणि नाजूक आयसीला ते बरं नाही. मग टोक आणि फेजच्या पिनमध्ये मोजा, तिथे काहीही दाखवता कामा नये.

सावधान: टेबलावर चहा, भाकरी, शेंगाचटणी काही नको. वायरीत शिसं आहे, बोटाला लागतं, काम झालं की साबणाने हात धुवायचे. धूर नाकात जातो तो राळेचा, तोही चांगला नाही, कॉम्प्युटरचा जुना १२ व्होल्टचा फॅन जॉइंटपासून वीतभर लांब, धूर ओढून घेईल असा उलटा ठेवा. लहान मुलं असतील तर आयर्नचा स्टँड टेबलाच्या मागच्या बाजूला, वायर कडेवरून लोंबता कामा नये.

६. किरकोळ हत्यारं

साईड कटर, नोज प्लायर, टोकदार चिमटा, बारके स्क्रू ड्रायव्हर, सोल्डर ओढायचा पंप आणि थोडी विक (सोल्डर शोषून घेणारी तांब्याची विणलेली पट्टी). चारशे-पाचशेत होतं. कटरने फक्त तांब्याचे पाय कापायचे, खिळा किंवा स्प्रिंगची तार कापली की धार गेलीच. कापताना पायाचं टोक बोटाने धरा, उडून डोळ्यात जातं. चष्मा नसेल तर पन्नास-शंभरचा साधा गॉगल घ्या.

७. पार्ट: थोडे, पण उपयोगाचे

हजार पार्टचे डबे घेऊ नका, त्यातले नऊशे कधी लागत नाहीत. पाव वॅटचे रेझिस्टर: २२० आणि ३३० ओहम, १ के (के म्हणजे हजार ओहम), ४.७ के, १० के, ६८ के, १०० के, प्रत्येकी वीस-पंचवीस. कपॅसिटर १०४ (म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड), १० मायक्रो, १०० मायक्रो. १एन४००७ आणि १एन४१४८ हे डायोड, बीसी५४७ आणि बीसी५५७ हे ट्रान्झिस्टर, ७८०५ (पाच व्होल्टचा रेग्युलेटर), ५५५ (टायमर आयसी), एलएम३५८ (ऑप-ॲम्प आयसी), एलईडी आणि ८३० भोकांचा ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता पार्ट खोचायची पाटी) एक. पाचशे-सहाशेत आटपतं.

ब्रेडबोर्ड आला की कंटिन्यूइटी लावून त्याच्या लांब लाल-निळ्या रेषा तपासा, पुष्कळ बोर्डांत त्या मध्यावर तुटलेल्या असतात आणि अर्धं सर्किट सप्लायविना राहतं. ट्रान्झिस्टरचे पाय नंबर बघून ठरवा, बीसी५४७ चा सपाट भाग आपल्याकडे केला की डावीकडून कलेक्टर-बेस-एमिटर, पीएन२२२२ मध्ये उलटं, एमिटर-बेस-कलेक्टर.

ठेवायला औषधाच्या दुकानातली कागदी पाकिटं झकास, वर पेनाने व्हॅल्यू लिहायची. आयसी थर्मोकोलमध्ये खोचू नका, स्टॅटिक तयार होतं. ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून स्टीलच्या डबीत ठेवा.

मेलेली पीसीबी भंगारातून आणून पार्ट काढायचा सराव जरूर करा, सोल्डरिंग त्यानेच येतं. पण एसएमपीएसच्या बोर्डातला मोठा कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरलेला असू शकतो, प्लग काढल्यावरही. आधी मीटरने डीसी मोजा, भरलेला असेल तर १० के, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून उतरवा, पाय इन्सुलेटेड चिमट्याने धरून, आणि परत मोजा. जुना डब्बा टीव्ही उघडू नका, बस.

८. सगळं बरोबर बसलंय का

५५५ चा ब्लिंकर ब्रेडबोर्डवर लावा, यात मीटर, सप्लाय, बोर्ड, पार्ट सगळ्यांचीच परीक्षा होते. पिन १ ग्राउंडला, ८ आणि ४ प्लसला. प्लस ते ७ मध्ये १० के, ७ ते ६ मध्ये ६८ के, २ आणि ६ एकमेकांना, ६ ते ग्राउंड १० मायक्रोचा कपॅसिटर, मायनसचा पट्टा ग्राउंडकडे. पिन ३ वरून ३३० ओहम आणि एलईडी ग्राउंडला. सप्लाय लावायच्या आधी प्लस आणि ग्राउंडच्या रेषांमध्ये कंटिन्यूइटी बघा, बीप आला तर शॉर्ट आहे, थांबा.

५ व्होल्ट द्या. साधारण सेकंदाला एकदा लुकलुकला पाहिजे. पेटूनच राहिला तर २ आणि ६ जोडलेत का बघा. काहीच होत नसेल आणि सप्लाय पाचवरून दोनवर उतरला असेल तर करंट लिमिट काम करतंय, म्हणजे आयसी उलटा बसलाय किंवा कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा, बहुतेक वेळा आयसी वाचलेला असतो. सप्लाय पाचच आहे आणि तरी अंधार, तर आधी एलईडी फिरवून बघा.

लुकलुकायला लागला की मीटर डीसी व्होल्टवर ठेवून पिन ६ आणि ग्राउंड मोजा, आकडा १.७ ते ३.३ मध्ये वरखाली होताना दिसेल, सप्लायच्या एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश. हे मीटरवर दिसतंय तोवर ऑसिलोस्कोप घ्यायची घाई नको. डीएसओ१३८ नावाचं स्वस्त किट सगळे सुचवतात, त्याची झेप २०० किलोहर्ट्झपर्यंतच आहे, ऑडिओपुरतं ठीक. त्याच्या आधी दुसरा मीटर घ्या, तो २०० वाला पिवळा चालेल, म्हणजे एकावर व्होल्टेज आणि एकावर करंट एकाच वेळी बघता येईल.